आजीचा स्टॅबिलायझर आणि तुझं टार्गेट

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

"ताई, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन, अरे-तुरे केलंत तरी चालेल. वय २६, गोव्यात डिचोली तालुक्यातला. आयटीआयला एसी-फ्रिजचा दोन वर्षांचा ट्रेड केला. गेली चार वर्षं म्हापशातल्या एका फ्रँचायझीकडे घरोघरी एसी बसवतो. फिक्स १४,०००, पेट्रोलला २,०००, वर इन्सेंटिव्ह दोन-अडीच हजार. नेमणूकपत्र नाही. 'सर्व्हिस पार्टनर' असं लिहिलेल्या कागदावर सही घेतली, त्याची कॉपी दिली नाही. सकाळी साडेआठला पहिला कॉल, रात्री साडेआठला घरी. सीझनला दिवसाला चार-चार इन्स्टॉलेशन. शिवाय आठवड्याला सहा विक्री करायच्या: एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), स्टॅबिलायझर, वाढीव वॉरंटी, काहीही. रोज रात्री नऊला ग्रुपवर यादी येते, ज्याचं झिरो त्याचं नाव लाल रंगात. टार्गेट राहिलं की पगारातून १,५०० कापतात. रिपीट कॉल, म्हणजे केलेल्या कामाची पुन्हा तक्रार, आला तर आमच्याच पेट्रोलने जायचं.

एप्रिलमध्ये एका गावात एकट्या राहणाऱ्या आजीकडे एसी बसवला. मुलगा आखातात, त्याने पैसे पाठवलेले. मी तिला सांगितलं की स्टॅबिलायझर आणि तीन वर्षांची एएमसी घेतली नाही तर वॉरंटी जाते. तसं काही नसतं. तिने बिस्किटाच्या डब्यातून नोटा काढून ९,२०० रुपये मोजून दिले आणि मला कोकम सरबत दिलं. त्या आठवड्यात ग्रुपवर माझं नाव सगळ्यात वर होतं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. वडील म्हणतात, सगळीकडे असंच असतं, नोकरी सोडू नको. बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, बाइकचा हप्ता चालू आहे. मला विकायला जमत नाही की मला विकायचंच नाही, तेच कळेनासं झालंय. काय करू?"

बाबा, आधी आजीचं बोलू. पगार, टार्गेट, कायदा सगळं त्यानंतर, कारण तुझी झोप आजीच्या त्या बिस्किटाच्या डब्यापाशी अडकली आहे.

तू तिला खोटं सांगितलंस. हे मी मऊ करून सांगत नाही, कारण तूही पत्रात ते मऊ केलेलं नाहीस, आणि तेच मला तुझ्या पत्रात सगळ्यात आवडलं. आता ते दुरुस्त कसं करायचं ते बघू. तू दोन गोष्टी विकल्या आहेस, त्या वेगवेगळ्या धर. स्टॅबिलायझर कदाचित तिला लागतच असेल. आपल्याकडे आतल्या गावांत संध्याकाळी सगळ्यांचे पंप, फ्रिज, एसी एकदम सुरू झाले की ट्यूबलाइट फडफडते, हे तू माझ्यापेक्षा जास्त बघितलं असशील. मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी सात-साडेसातला तिच्याकडे जा, चालू एसीवर प्लगपाशी व्होल्टेज घे आणि यंत्राच्या माहितीपत्रकात किती ते किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघ. हल्लीचे इन्व्हर्टर एसी बऱ्यापैकी खालच्या-वरच्या व्होल्टेजला तग धरतात. तिच्याकडचा आकडा त्या हद्दीच्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर राहू दे, कारण मग तिला नुकसान झालेलं नाही, तू कारण चुकीचं सांगितलंस एवढंच. तेही तिला सांग.

एएमसीचं तसं नाही. नव्या यंत्रावर पहिलं वर्ष कंपनीची वॉरंटी असतेच, कॉम्प्रेसरवर बहुतेक कंपन्या वेगळी, लांबची वॉरंटी देतात. पहिल्या दिवसापासून तीन वर्षांची एएमसी म्हणजे तिने एका वर्षाचे पैसे जवळजवळ फुकट दिले. वॉरंटीबद्दल खोटी माहिती देऊन विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिने किंवा तिच्या मुलाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली तर ती नोंदली जाते. पण इथपर्यंत जायची वेळ येऊ देऊ नकोस. तू स्वतः जा, तिच्या बोलीत, कोंकणीत सांग की मी त्या दिवशी तुम्हाला बरोबर सांगितलं नाही. तिच्यासमोरच मुलाला व्हॉट्सॲप कॉल लावून त्यालाही सांग. मग तिच्या नावाने चार ओळींचा अर्ज लिहून दे: पावती नंबर, तारीख, एएमसी रद्द करावी, मला चुकीची माहिती मिळाली होती. मुलाने तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला तर आणखी चांगलं, कारण मग फ्रँचायझीला तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवून देता येत नाही.

गुपचूप आपल्या खिशातून पैसे भरून टाकू नकोस. मोह होईल, मला माहीत आहे. पण मग चुकीचे पैसे ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडेच राहतील, तुझा हप्ता चुकेल, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणा आजीकडे हाच प्रसंग. त्या विक्रीवर तुला जे इन्सेंटिव्ह मिळालं असेल तेवढं मात्र तुझ्याकडे राहू नये. ते तिला दे.

आता तुझा खरा प्रश्न. विकता येत नाही की विकायचं नाही?

मी म्हापशात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १९ वर्षं सर्व्हिस काउंटरवर बसले. तुमची यादी आज मोबाइलवर येते, आमच्याकडे ती खडूने फळ्यावर असायची आणि ती मीच लिहायचे. कुणाचे किती प्लॅन गेले, कुणाचा भोपळा. शनिवारी संध्याकाळी मेकॅनिक बॅगा टाकून यायचे आणि कुणाशी बोलायच्या आधी त्या फळ्याकडे बघायचे. त्यांचे चेहरे मी रोज बघत होते आणि तरी लिहीत होते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये रिपीट कॉलची नोंद असायची. ही दोन रजिस्टरं मी एकदा शेजारी ठेवून वाचली. फळ्यावर जो सलग तीन महिने पहिला होता, त्याच्याच नावावर सगळ्यात जास्त रिपीट कॉल होते. तो मुलगा कामात कच्चा नव्हता. त्याच्याकडे कामाला वेळच उरत नव्हता.

म्हणून तुला सांगते, टार्गेट नुसतं तुझ्या मनाला खात नाही, ते तुझ्या कामाला खातं. एक एसी नीट बसवायला अडीच-तीन तास लागतात. दिवसाला चार म्हणजे प्रवास धरून बसतच नाहीत. त्यात वीस मिनिटं प्लॅन समजावण्यात घालवायची. ती वीस मिनिटं येतात कुठून? व्हॅक्यूमच्या वेळेतून येतात. पाइपातली हवा आणि वाफ ओढून काढायला पंप लावून पंधरा-वीस मिनिटं चालवायचा, मग बंद करून गेजचा काटा जागेवर राहतो का बघत थांबायचं, याऐवजी पाच मिनिटांत उरकायचं. आपल्या हवेत दमट वाफ किती असते ते कपाटातल्या चपलांवरची बुरशी सांगते. ती वाफ पाइपात राहिली की आर-३२ आणि आर-४१०ए गॅसच्या यंत्रांतलं तेल ती शोषून घेतं, आत आम्ल तयार होतं आणि दोन वर्षांनी कॉम्प्रेसर बसतो. तेव्हा ग्राहक म्हणतो, कंपनी बेकार.

आणि भिंत. आपली जुनी घरं चिऱ्याची. काँक्रीटमध्ये जो अँकर फास्टनर घट्ट बसतो तो चिऱ्यात फिरत राहतो, कारण दगडच सच्छिद्र, आणि पावसात भिजला की आणखी भुसभुशीत. आऊटडोअर युनिटचं वजन तीस-पस्तीस किलो, वर पंख्याची थरथर. तिथे आरपार बोल्ट घेऊन आतून पट्टी लावायला हवी, नाहीतर स्लॅबवर किंवा जमिनीवर स्टँड. किनाऱ्याकडे, कळंगुट-हणजुणेकडे, साध्या स्टँडला खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंज धरतो. हे तुला शिकवायला नको. पण मला सांग, आसगावला दुपारी दोनचा कॉल चालू असताना आणि साडेतीनला शिवोलीचा कॉल लागलेला असताना, आरपार बोल्टसाठी लांब बिट शोधायला गाडीकडे परत जायला मन होतं का?

बघ, इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. चिऱ्याच्या भिंतीला आरपार बोल्ट लावायला सांगणं आणि त्याचे पैसे घेणं ही विक्रीच आहे. समुद्राजवळच्या घराला गॅल्वनाइज्ड स्टँड सुचवणं ही विक्री. अर्थिंग नसलेल्या प्लगवर एसी लावायला नकार देऊन आधी इलेक्ट्रिशियन बोलवा म्हणणं हीसुद्धा. तू हे चार वर्षं करत असशील आणि त्याने तुझी झोप कधी गेली नसेल. तुला विकता येतं. तुला न मोजता, न बघता, यादीत नाव वर जावं म्हणून विकायला जमत नाही, आणि ते जमू नये असंच मला वाटतं. लोक अनोळखी माणसाला बेडरूमपर्यंत नेतात, चप्पल काढायलाही सांगत नाहीत, पलंग सरकवून देतात, ते तुझ्या हातातला पाना बघून. सेल्समनला ते अंगणातूनच परत पाठवतात. कंपनीला हे नेमकं ठाऊक आहे. म्हणून तिने सेल्समन न पाठवता तुझ्या खिशात पावतीपुस्तक दिलं.

पुढच्या कॉलपासून एक सवय लाव. काहीही सुचवायच्या आधी ते मोजून किंवा दाखवून सुचव. मीटरचा आकडा ग्राहकाला वाचायला लाव. भिंतीचं भोक दाखव. एएमसी विचारली तर सांग, पहिलं वर्ष वॉरंटी आहे, हवी तर पुढच्या मार्चच्या आत घ्या, माझा नंबर ठेवा. यात तुझ्या विक्री कमी होतील, सहाच्या तीन होतील. पण त्या तीन तक्रार होऊन परत येणार नाहीत. आणि "वॉरंटी जाते" हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाक, मग समोर आजी असो की आसगावचा बंगलेवाला.

आता पैशांचं. तू लिहिलंस "वर इन्सेंटिव्ह", आणि मला वाटलं तू कधी शांत बसून बेरीज केलेली नाहीस. मी केली. १४,००० अधिक २,००० अधिक २,५००, त्यातून कापलेले १,५०० वजा: १७,०००. डिचोली ते म्हापसा, तिथून किनारा, परत घरी, रोजचे ७५ किलोमीटर धरते, महिन्याचे २५ दिवस. १,८७५ किलोमीटर. बाइक ४५ चा ॲव्हरेज देत असेल तर जवळजवळ ४२ लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजार रुपये. सर्व्हिसिंग, टायर, ऑइल मिळून महिना ८००. कॉल घ्यायला, फोटो पाठवायला तुझाच फोन, तुझाच रिचार्ज, ३५० धर. हातात उरले ११,८५०. जेवणाचा तास सोडून रोज ११ तास, महिन्याला २७५ तास. तासाला ४३ रुपये. दोन वर्षं आयटीआय आणि चार वर्षं अनुभव असलेल्या कारागिराचे. बाइकचा हप्ता यातच जायचा आहे.

हा आकडा माझा आहे, अंदाजाचा आहे. तू तुझा काढ. एक शंभर पानी वही घे, रोज रात्री पाच ओळी: पहिला कॉल किती वाजता, शेवटचा किती वाजता संपला, किलोमीटर, काय विकलं, काय कापलं. ग्रुपवरच्या त्या लाल यादीचा स्क्रीनशॉट रोज घेऊन ईमेलवर स्वतःलाच पाठव. पगार बँकेत येतो की हातात? हातात देत असतील तर तारीख आणि रक्कम त्याच वहीत. पुढचं सगळं या वहीवर उभं राहणार आहे.

'पार्टनर' या शब्दाला घाबरू नकोस. कागदावर काय लिहिलं एवढ्यावर कोर्ट थांबत नाही, काम कसं चालतं ते बघतं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला आला होता. शिंपी नगावर पैसे घेत, यायची-जायची ठरलेली वेळ नाही, काही जण कापड घरीही नेत. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीतच. न्यायालयाने बघितलं की शिलाई मशीन मालकाची, काम पसंत पडलं नाही तर मालक नाकारतो, पुन्हा शिवायला लावतो. त्यांना कामगार मानलं. तुझा युनिफॉर्म त्यांचा, ओळखपत्र त्यांचं, कॉल त्यांनी लावलेला, रजा त्यांना विचारून, रिपीट कॉल त्यांच्या हुकमाने. पार्टनरचा पगार कापतात का कधी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या तुझ्या कामाच्या तेवढ्याच सांगते. नेमणूकपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. आठ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. आणि कपात: पगारातून कशासाठी कापता येतं याची ठरलेली यादी आहे, त्यात "टार्गेट पूर्ण झालं नाही" हे कारण नाही. दंड करायचा तर आधी मंजूर करून घेतलेल्या चुकांसाठीच, तुझं म्हणणं ऐकून, आणि पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. १४,००० चे ३ टक्के ४२० होतात. ते १,५०० कापतात. इथे एक फरक ध्यानात घे, नाहीतर मालक तुला त्यातच फिरवील. टार्गेट झालं नाही म्हणून इन्सेंटिव्ह न देणं वेगळं, त्यावर भांडता येईलच असं नाही. ठरलेल्या पगारातून कापणं वेगळं. म्हणून वहीत दोन्ही वेगळं लिही. असा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा जुन्या महिन्यांचे बँक स्टेटमेंटही काढून ठेव.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची आहे. तुझ्या पत्रात ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, उल्लेख कुठेच नाही.

आमच्या दुकानात एक मेकॅनिक होता, नाव सांगत नाही, जुलैच्या पावसात पर्वरीला पहिल्या मजल्याच्या छज्जावर युनिट उतरवायला गेला. अजून दोन कॉल बाकी होते. शेवाळलेला छज्जा, पायात रबरी चप्पल, बेल्ट गाडीत. खाली पडला. बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, जीव वाचला, कंबर गेली. मालकाने ईएसआय भरलेलं नव्हतं. आम्ही काउंटरवर डबा फिरवला, २२,००० जमले. त्याची बायको दर महिन्याला यायची, काही मिळेल का विचारायला, आणि तिला खुर्ची द्यायची एवढंच माझ्या हातात होतं. त्या संध्याकाळी फळ्यावर त्याच्या नावापुढे मी शून्य लिहिलं होतं. दिवस भरायच्या आत लिहून ठेवायची सवय होती मला.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होतं. तुझ्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर झालेली इजा तर धरली जातेच, घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही त्यात येऊ शकतो, आणि तुझा अर्धा दिवस बाइकवरच जातो. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. तुला विमा क्रमांक दिलाय का, एवढं उद्याच विचार. नसेल तर सगळ्या मागण्यांत ही पहिली. तोवर स्वतःसाठी एक गोष्ट आजपासून: छज्जावर, कौलांवर बेल्टशिवाय पाय ठेवायचा नाही, पावसात तर नाहीच, भले ग्रुपवर तुझं नाव लाल होऊ दे. पावसाळा तोंडावर आला आहे.

मालकाशी बोलायचं ते ग्रुपवर नको. एकटाही जाऊ नकोस. तुमच्या ग्रुपमध्ये जेवढे मुलगे आहेत त्यांतल्या दोघा-तिघांना तरी हेच वाटत असणार, पण लाल यादीमुळे प्रत्येकाला वाटतं की कमी पडणारा आपण एकटाच. त्यांच्याशी आधी चहावर बोल, त्यांच्याही वह्या सुरू होऊ देत. महिनाभराने तिघे-चौघे मिळून जा. मालकही वरच्या कंपनीच्या टार्गेटखाली दबलेला असणार, हे ध्यानात ठेवून बोल. त्याला रिपीट कॉलची भाषा कळते. म्हण, "सर, चार इन्स्टॉलेशनच्या दिवशी रिपीट येतात, तीनच्या दिवशी येत नाहीत, हे बघा तारखा." मग मागा: इन्स्टॉलेशनला किमान वेळ, ईएसआय, नेमणूकपत्र, कपात बंद, यादीत नावं नकोत. सगळं एका दिवसात मिळणार नाही. माझ्या अनुभवात यादी सगळ्यात आधी बंद होते, कारण तिला पैसे पडत नाहीत, आणि ती बंद झाली की मुलांची मान जरा वर होते.

ऐकलंच नाही, तर पणजीला पाटोवर श्रम शक्ती भवन आहे, श्रम आयुक्तांचं कार्यालय. गोव्याच्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाचं चालू दरपत्रक तिथे मिळतं, तुझ्या फिक्सशी ताडून बघ. तक्रार लेखी दे, वहीची झेरॉक्स जोड, पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे. कामगारांना मोफत मदत मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे.

वडिलांबद्दल. त्यांचं काम काय होतं ते तू लिहिलं नाहीस, पण डिचोली तालुक्यातल्या साठीच्या माणसाला नोकरीची भीती का वाटते ते विचारायला लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू होतात न होतात तोच २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून सगळं थांबलं. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते चालू राहिले. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना "हातचं सोडू नको" याशिवाय दुसरं सुचत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. वही दाखव. तासाला ४३ रुपये हा आकडा त्यांना तुझ्या भावनांपेक्षा लवकर कळेल, कारण डिझेल आणि ट्रिपांचा हिशेब त्यांच्या पिढीने आयुष्यभर केला आहे. आजीचंही सांग. "सगळीकडे असंच असतं" हे ते तुला धीर द्यायला म्हणताहेत. घरात आजी-काकी असेल तर त्यांनाच विचार, आपल्या दारात कुणी येऊन असं केलं तर चालेल का.

डिसेंबरपर्यंत मी नोकरी सोड म्हणणार नाही. जून ते ऑगस्ट एसीवाल्यांचे कोरडे महिने, नेमक्या याच महिन्यांत इन्स्टॉलेशन घटतात आणि प्लॅनचा दट्ट्या वाढतो, तेव्हा तयारीत राहा. पण चतुर्थी झाली की सप्टेंबर-ऑक्टोबरात हॉटेलं, गेस्ट हाउस, होमस्टे पर्यटकांचा सीझन सुरू व्हायच्या आधी एसी धुवून घेतात. आता मोपा विमानतळामुळे पेडण्याकडेही ते काम वाढलं आहे. त्यांना प्लॅन नको असतात, वेळेवर येणारा आणि खरं सांगणारा माणूस हवा असतो. दोन-तीन ठिकाणी सुट्टीच्या दिवशी जाऊन नुसती ओळख करून ये. बहिणीचं लग्न झाल्यावर स्वतंत्र व्हायचं ठरवलंस तर व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, गॅसचा वजनकाटा, फ्लेअरिंग टूल यांची किंमत आतापासून काढून ठेव. ५०,००० पर्यंतचं कर्ज मुद्रा योजनेच्या शिशु गटात बसतं, उद्यम नोंदणी फुकट होते. एजंटला पैसे देऊ नकोस. आणि मग तुझ्या पावतीपुस्तकावर तुझंच नाव असेल, तेव्हा आज लावलेली मोजून दाखवायची सवय कामाला येईल.

आजीकडे या आठवड्यातच जा. युनिफॉर्म घालून जाऊ नकोस, कॉलवर आल्यासारखं वाटेल. साध्या कपड्यांत, संध्याकाळी, मल्टिमीटर घेऊन. ती पुन्हा कोकम सरबत करील. आधी सगळं सांगून टाक, मग पी.